समुद्राच्या पाण्याचे वय

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सांस्कृतिक समितीने विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "हवामानाच्या मॉडेलांमधील समुद्राची तपासणी." दुसऱ्याच दिवशी चिटणीसांचा फोन. "सर, जरा सोपे काही नाही का? समोर आजी-आजोबा असतात, शाळेतली मुले असतात, आणि मागे महाप्रसादाचा वास सुटलेला असतो." म्हणून शीर्षक बदलले. विषय मात्र तोच आहे, आणि आरतीपर्यंतचा पाऊण तास माझ्या हातात आहे.

आपण अहमदाबादकर. समुद्र तसा आपल्यापासून लांब. साबरमती खंभातच्या आखाताला जाऊन मिळते एवढाच आपला त्याच्याशी रोजचा संबंध. पण याच शहरात, नवरंगपुऱ्यात, डॉ. विक्रम साराभाईंनी १९४७ साली सुरू केलेली भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा आहे. आपण तिला पीआरएल म्हणतो. लोकांना ती अवकाशाच्या कामासाठी ठाऊक आहे. डॉ. देवेंद्र लाल १९७२ ते १९८३ या काळात तिथले संचालक होते, आणि निसर्गातील किरणोत्सारी द्रव्यांवरून समुद्राचा इतिहास वाचणे हा त्यांचा हातखंडा होता. रिक्षा ज्या फाटकावरून जाते त्याच्या आत समुद्राच्या पाण्याचे वय काढण्याचे काम कित्येक दशके चालत आले आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल.

पाण्याचे वय म्हणजे काय? पाणी तर पृथ्वीइतकेच जुने. समुद्रशास्त्रात वय म्हणजे या पाण्याने शेवटचे आकाश पाहिल्याला किती वर्षे झाली. पृष्ठभागावर असताना पाणी हवेशी देवाणघेवाण करते. मग ते थंड होते, जड होते आणि खाली उतरते. खाली गेले की हवेशी संबंध तुटला. तिथून त्याचे वय मोजायचे.

आता हे वय कोणाला हवे आहे? हवामान बदलाचा अंदाज करणाऱ्या प्रत्येकाला. माणसाने वातावरणात जी जादा उष्णता कोंडली आहे तिच्यातली सुमारे ९० टक्के समुद्राने पोटात घेतली आहे. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा दरवर्षी तोच गिळतो. पृष्ठभागाचे पाणी भरभर खाली जात असेल तर समुद्र अजून बरेच सामावून घेईल. ते रेंगाळत असेल तर वरचा थर लवकर भरेल आणि उरलेले सगळे आपल्या डोक्यावर राहील. म्हणजे पुढच्या शंभर वर्षांत किती तापेल याच्या उत्तराचा मोठा भाग समुद्र किती वेगाने आणि कुठून श्वास घेतो यात आहे.

हे उत्तर आपण संगणकातील मॉडेलांना विचारतो. १९६९ साली स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी वातावरण आणि समुद्र एकत्र जोडलेले पहिले मॉडेल प्रसिद्ध केले. मानाबे यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा ते नव्वदीचे होते. मॉडेल म्हणजे काय, तर समुद्राचे चौकोनी खोके पाडायचे, लांबी-रुंदीला बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास, खोलीला काही दशक थर, आणि प्रत्येक खोक्यात पाण्याच्या हालचालीची गणिते सोडवत पुढे जायचे. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे असे मॉडेल आहे, आणि २०२१ च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालामागे जगभरातील ज्या मॉडेलांचे आकडे आहेत त्यांत तेही आहे.

पण मॉडेल बरोबर आहे हे कसे ठरवायचे? सन २१०० ची उत्तरपत्रिका आज तपासता येत नाही. मग आजच्या समुद्राशी ताडून पाहायचे. सगळ्यांत सोपे म्हणजे तापमान आणि खारटपणा. जगभरच्या जहाजांनी मोजलेले आकडे आहेत, मॉडेलाचे आकडे शेजारी ठेवायचे. अनेक वर्षे हेच चालले, आणि मॉडेले बऱ्यापैकी उत्तीर्ण होत गेली.

यात एक गोम आहे. ज्या तापमानाशी आणि खारटपणाशी ताडून पाहायचे, तेच आकडे समोर ठेवून मॉडेलाचे स्क्रू पिळलेले असतात. जुन्या जोडमॉडेलांत तर समुद्र आणि हवा यांच्यामध्ये कृत्रिम उष्णता व कृत्रिम गोडे पाणी घालून हिशेब जमवावा लागे, नाहीतर काही दशकांत समुद्र भलतीकडेच भरकटे. त्याला शास्त्रीय नाव भारदस्त आहे; आपल्या शाळेत त्याला ढकलपास म्हणत. गाईड पाठ केलेल्या मुलाला गाईडमधलाच प्रश्न विचारला तर तो बरोबर उत्तर देणारच. विषय समजला आहे की नाही हे कळायला गाईडबाहेरचा प्रश्न हवा.

कोणी म्हणेल, प्रवाहच मोजा की. वरचे मोजतात. पण खोल समुद्रात पाणी सरासरी सेकंदाला काही मिलिमीटर सरकते, आणि त्याच्यावर भोवऱ्यांची ये-जा चालू असते, तिचा वेग याच्या दसपट-वीसपट. आज उत्तरेला, पुढच्या महिन्यात दक्षिणेला. जत्रेच्या गर्दीत उभे राहून लोक सरासरी कोणत्या दिशेला चालले आहेत ते मोजण्यासारखे आहे. आणि हा समुद्र सरासरी पावणेचार किलोमीटर खोल.

म्हणून खुणेचे द्रव्य. इंग्रजी शब्द ट्रेसर आता मराठीतही रुळला आहे. माग काढणारे द्रव्य असा त्याचा अर्थ. ओढ्यात चिमूटभर गुलाल टाकला तर पाणी कुठून कुठे वळते ते डोळ्यांना दिसते. गुलाल पाण्याला ढकलत नाही, पाणी गुलालाला नेते. समुद्रासाठी असा गुलाल हवा जो जगभर एकदम पडला आहे, केव्हा किती पडला याची नोंद आहे, आणि जो पाण्यात विरघळल्यावर कुठे नाहीसा होत नाही. असा गुलाल टाकायचे कोणी ठरवून ठरवले असते तर परवानगी मिळाली नसती. आपण तो न ठरवता टाकला. एकदा फ्रीजमधून आणि एकदा अणुबॉम्बमधून.

फ्रीजपासून सुरू करू. क्लोरोफ्लुरोकार्बन, सीएफसी, हे वायू १९३० च्या सुमारास शीतकरणासाठी आले. निसर्गात ते जवळजवळ नव्हतेच. म्हणजे समुद्राच्या पाण्यात सीएफसी सापडले, तर त्या पाण्यातला निदान काही भाग १९३० नंतर आकाश पाहून आला आहे. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता? पुढे फ्रीज वाढले, स्प्रेचे डबे वाढले, हवेतले प्रमाण चढत गेले. ते किती चढले हे वर्षवार ठाऊक आहे. सीएफसी-११ ने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुमारे २७० चा आकडा गाठला, हवेच्या दर एक लाख कोटी रेणूंमागे २७०. सीएफसी-१२ त्यानंतर दशकभराने सुमारे ५४५ वर पोचला. पाण्यातले प्रमाण मोजायचे, ते कोणत्या वर्षाच्या हवेशी जुळते पाहायचे, की पाणी केव्हा खाली गेले त्याचा अंदाज येतो. आत जुने पाणी मिसळलेले असते, त्यामुळे हिशेब दिसतो तितका सरळ नाही, पण मूळ कल्पना एवढीच.

हे वायू हवेत सगळीकडे आहेत हे पहिल्यांदा दाखवले जेम्स लव्हलॉक यांनी. १९७१-७२ मध्ये शॅकलटन नावाच्या जहाजावरून ते ब्रिटनहून दक्षिणेकडे गेले, बरोबर स्वतः तयार केलेले संवेदनशील उपकरण. जिथे मोजले तिथे सीएफसी-११ सापडला. त्यापासून काही धोका दिसत नाही असेही त्यांनी १९७३ च्या लेखात लिहिले. पुढच्याच वर्षी मोलिना आणि रोलंड यांनी हे वायू ओझोनचा थर खातील असे दाखवले, आणि १९९५ मध्ये त्यांना क्रुट्झेन यांच्यासह नोबेल मिळाले.

जहाजावर हे काम कसे चालते ते सांगण्यासारखे आहे. समुद्रात एका चौकटीला गोलाकार लावलेल्या बाटल्या सोडतात, दोन डझन किंवा जास्त. चौकट तळापर्यंत जाते आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटलीचे झाकण बंद होते. चार-पाच किलोमीटर खाली जाऊन यायला तीन-चार तास सहज जातात. वर आल्यावर बाटलीतून पाणी घ्यायला रांग असते आणि रांगेत पहिला मान सीएफसीवाल्यांचा, कारण बाटलीत हवेचा बुडबुडा शिरला की आजची हवा पाण्यात मिसळली आणि पाणी एकदम तरुण झाले. आता जहाजावर काय काय असते? स्वयंपाकघरात फ्रीज, केबिनमध्ये एसी. त्यातला वायू जरा गळला तरी सगळे नमुने बाद. म्हणून बाटल्यांच्या रबरी कड्या भट्टीत तापवून घ्यायच्या, जहाजावर स्प्रेचे डबे आणू द्यायचे नाहीत, आणि प्रयोगशाळेतली हवासुद्धा रोज मोजायची. सोवळे म्हणतात ते हेच. आपल्या आज्या समुद्रशास्त्रज्ञ झाल्या असत्या तर उत्तम झाल्या असत्या.

या कष्टांतून काय मिळाले, त्याचा एक नमुना. रे वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटिक महासागरात विषुववृत्तापाशी दीड-दोन किलोमीटर खोलीवर सीएफसीची जीभ शोधली आणि १९८५ मध्ये ती प्रसिद्ध केली. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात बुडालेले पाणी अमेरिकेच्या बाजूने खोलवरून येऊन विषुववृत्त गाठते, तेही काही दशकांत, हे त्या जिभेने दाखवून दिले. सिद्धांताने असा प्रवाह आधीच सांगितला होता. पण सांगणे वेगळे आणि त्या अंधारात फ्रीजचा वायू हाती लागणे वेगळे.

आता मॉडेलाकडे या. मॉडेलात सीएफसी घालणे फार अवघड नाही. पृष्ठभागावर दरवर्षी हवेतले प्रमाण किती होते ते ठाऊक आहे. वारा जितका जोरात, पाणी जितके थंड, तितका वायू आत शिरतो. एकदा शिरला की मॉडेलाचे प्रवाह त्याला नेतील तिकडे जाऊ द्यायचे. हा वायू पाण्याचा जडपणा बदलत नाही, म्हणजे मॉडेलाच्या समुद्रावर त्याचा काहीही परिणाम नाही. गाडीत बसलेला पण स्टिअरिंगला हात न लावणारा प्रवासी. आणि मुख्य म्हणजे मॉडेल जुळवताना त्याला कोणी विचारलेले नाही. हा गाईडबाहेरचा प्रश्न.

१९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील मॅथ्यू इंग्लंड आणि इतरांनी हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि निकाल बोलका होता. तापमान आणि खारटपणा यांत बऱ्यापैकी गुण घेणारी मॉडेले सीएफसीच्या पेपरात गचकली, आणि गचकली ती बहुधा एकाच ठिकाणी, अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात. मॉडेलांचा समुद्र तिथे हवा तेवढा सीएफसी घेऊन थांबत नव्हता. विहिरीत बादली सोडावी तसे वरचे पाणी सरळ खाली जात होते आणि वायू नको तितका खोल पोचत होता. तापमानाच्या नकाशावर हे दिसत नव्हते, कारण तिथे वरचे पाणीही थंड आणि खालचेही थंड. किती पाणी खाली गेले हे तापमानावरून कळणार कसे?

चूक कुठे होती? समुद्राचे पाणी चिरोट्यासारखे पदरापदरांचे असते. सारख्या जडपणाचा एकेक पदर. पदराच्या लांबीने पाणी सहज सरकते. एका पदरातून दुसऱ्यात शिरणे त्याला फार कठीण. दक्षिण महासागरात हे पदर आडवे नसतात, ते तिरके होऊन पृष्ठभागाकडे वर येतात. जुन्या मॉडेलांत भोवऱ्यांमुळे होणारे मिश्रण आडव्या दिशेने लावलेले होते. तिरक्या पदरांवर आडवी सुरी चालवली की सगळे पदर कापले जाणारच. वेगवेगळ्या पदरांतले पाणी उगाच एकत्र आले, घडण बिघडली आणि पाणी धडाधड बुडू लागले.

अमेरिकेत बोल्डर येथे पीटर जेंट आणि जेम्स मॅकविल्यम्स यांनी १९९० मध्ये यावर उपाय सुचवला होता: भोवऱ्यांचे काम पदरांच्या दिशेने होऊ द्या, आणि तिरके पदर भोवरे हळूहळू सपाट करतात तेही हिशेबात घ्या. हा बदल केल्यावर दक्षिण महासागरातले खोटे बुडणे खूप कमी झाले आणि सीएफसी मोजमापांच्या जवळ आला. आज जगातल्या बहुतेक जाडसर खोक्यांच्या हवामान मॉडेलांत ही पद्धत किंवा तिचे सुधारलेले रूप असते. ती रुजण्यात खुणेच्या द्रव्यांच्या साक्षीचा मोठा वाटा आहे असे माझे मत आहे. नुसता सिद्धांत सुंदर आहे म्हणून माणसे आपली गणिते बदलत नाहीत.

यानंतर मॉडेलांची सामुदायिक परीक्षा झाली. २००२ मध्ये तेरा जागतिक समुद्र मॉडेले सीएफसी-११ च्या कसोटीवर एकत्र तपासली गेली. सगळ्यांत जास्त मतभेद पुन्हा दक्षिण महासागरातच. २००४ मध्ये मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी एकोणीस मॉडेलांना सीएफसी आणि किरणोत्सारी कार्बन असे दोन्ही पेपर दिले. सुमारे एक चतुर्थांश मॉडेलेच दोन्हींत टिकली. हा लेख मला फार मोलाचा वाटतो. बरेचदा आपण सगळ्या मॉडेलांची सरासरी काढतो आणि तिलाच शास्त्राचे मत म्हणतो. नापास मुलांचे गुण धरून वर्गाची सरासरी काढता येते, पण ती पाहून डॉक्टर निवडायचा नसतो.

आता दुसरा गुलाल. कार्बन-१४. वैश्विक किरणांमुळे तो वातावरणात सतत तयार होतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो. लेण्यांतल्या लाकडाचे वय काढतात तोच. खाली गेलेल्या पाण्यात तो झिजत जातो, म्हणून शेकडो-हजारो वर्षांच्या संथ अभिसरणाचे तो घड्याळ आहे. सीएफसी फक्त गेल्या काही दशकांचे सांगतो. उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्यात कार्बन-१४ ठरलेल्या मापापेक्षा दर हजारी सुमारे ७० ने कमी, तर उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यात सुमारे २४० ने कमी. म्हणजे पॅसिफिकमधले ते पाणी हजार वर्षांहून जास्त काळ अंधारात आहे. ते खाली गेले तेव्हा ज्ञानेश्वर महाराजांचा जन्मही झालेला नव्हता.

त्यात १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांनी भर घातली. उत्तर गोलार्धाच्या हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ च्या करारानंतर वातावरणातल्या बहुतेक चाचण्या थांबल्या आणि ही एकाच वेळी पडलेली मूठ हळूहळू समुद्रात शिरू लागली. १९७० च्या दशकात जिओसेक्स नावाची जगभरची मोहीम झाली. हिंदी महासागराची पाळी १९७७-७८ मध्ये आली. तेव्हा एका नमुन्यासाठी दोनशे लिटरहून जास्त पाणी उचलावे लागे. पुढे नवे तंत्र आले आणि अर्ध्या लिटरात काम भागू लागले. १९९० च्या दशकात पीआरएलच्या शास्त्रज्ञांनी 'सागर कन्या' या आपल्या जहाजावरून अरबी समुद्रात पुन्हा पाणी घेतले. जिओसेक्सच्या काळाशी तुलना करता पृष्ठभागाजवळचे प्रमाण उतरलेले आणि बॉम्बचा कार्बन आधीपेक्षा खोल गेलेला दिसला. अशी जोडी, एकाच ठिकाणी काही वर्षांच्या अंतराने दोनदा मोजलेले पाणी, मॉडेलवाल्यांना सोन्यासारखी असते.

दोन्ही द्रव्ये का लागतात, तेही सांगतो. सीएफसी हवा आणि वरचे पाणी यांच्यात महिनाभराच्या आत-बाहेर समतोल साधतो. कार्बन-१४ ला दशक लागते. त्यामुळे एकाच मॉडेलाची खोटी बाजू एक लपवतो तर दुसरा उघडी करतो. शिवाय साक्षीदारालाही उलटतपासणी चुकत नाही. समुद्रात बॉम्बचा कार्बन एकूण किती शिरला याचा जुना अंदाज जास्त होता असे पुढे दिसले, आणि २००७ मध्ये वायू पाण्यात शिरण्याचा वेगच लक्षणीय खाली आणावा लागला. तोपर्यंत काही मॉडेलांना उगाच कमी गुण मिळत होते.

आपल्या अंगणातला प्रश्न घेऊ. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसलेला जाड थर आहे. जगातल्या अशा मोठ्या थरांपैकी हा एक. भाद्रपदाच्या आसपास, म्हणजे आत्ता, गोव्याच्या किनाऱ्यापाशी असले कमी प्राणवायूचे पाणी उथळ भागात चढते. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर १९९७ पासून ते मोजत आली आहे. मासे आणि मच्छीमार दोघांच्याही जिव्हाळ्याचा हा विषय. तर हा थर का आहे? सोपे उत्तर असे, की उत्तरेला आशिया खंडाने वाट अडवली आहे, पाणी साचून राहिले आहे, डबक्यासारखे. पण त्या थरात सीएफसी मोजला आणि १९९३ मध्ये हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा पाणी तिथे सुमारे दहा वर्षांत बदलते असे निघाले. डबके मुळीच नाही. पाणी येते तेच कमी प्राणवायू घेऊन, आणि वरून पडणाऱ्या सेंद्रिय गाळावर उरलेलाही खर्च होतो.

आता मॉडेले काय करतात? अनेक मॉडेलांत हा प्राणवायूहीन थर अरबी समुद्राऐवजी बंगालच्या उपसागरात जोरदार दिसतो. नवऱ्याच्या जागी धाकटा दीर उभा करावा तसे. एक कारण भूगोलात आहे. इराणच्या आखातातून आणि तांबड्या समुद्रातून खारट, जड पाणी येऊन अरबी समुद्राच्या मधल्या थरांत पसरते. होर्मुझची सामुद्रधुनी अरुंद ठिकाणी चाळीसेक किलोमीटर, बाब-अल-मंदब तीसेक. मॉडेलाचे खोके शंभर किलोमीटरचे. दारापेक्षा कपाट मोठे असेल तर ते आत जाणार कसे? मग दार कृत्रिमपणे रुंद करावे लागते, किंवा पाणी वेगळ्या युक्तीने आत सोडावे लागते, आणि ते किती सोडायचे हे ठरवायला पुन्हा खुणेची द्रव्येच लागतात.

अंटार्क्टिकाच्या बाबतीतही अजून सगळे आलबेल नाही. खरे तळाचे पाणी तिथल्या उथळ कडेवर तयार होऊन उतारावरून पातळ थराने घसरत खाली जाते. जाड खोक्यांच्या मॉडेलाला हे जमत नाही. २०१३ मध्ये तपासलेल्या मॉडेलांपैकी बहुतेकांत ते पाणी उघड्या समुद्रात सरळ बुडून तयार होत होते. खऱ्या समुद्रात असे मोठ्या प्रमाणावर पाहिले गेले ते १९७४ ते १९७६ मध्ये, वेडेल समुद्रात.

आतापर्यंत सांगितले ते अजाणता टाकलेल्या गुलालाबद्दल. मुद्दाम टाकलेलाही आहे. १९९२ मध्ये जिम लेडवेल आणि सहकाऱ्यांनी कॅनरी बेटांच्या पश्चिमेला, सुमारे ३१० मीटर खोलीवर, १३९ किलो सल्फर हेक्झाफ्लुओराइड सोडला. त्यानंतर महिनोन्‌महिने त्याचा पाठलाग केला. तो आडवा शेकडो किलोमीटर पसरला, पण उभ्या दिशेने जेमतेम काही दशक मीटर. वॉल्टर मंक यांनी १९६६ मध्ये समुद्राचे अभिसरण चालण्यासाठी जितके उभे मिश्रण लागेल असे म्हटले होते, त्याच्या हे सुमारे एक दशांश भरले. उरलेले मिश्रण कुठे होते? पुढे ब्राझीलसमोरच्या खोल समुद्रात असाच प्रयोग झाला आणि खडबडीत तळावर, भरती-ओहोटीच्या घुसळणीने, मिश्रण कितीतरी जास्त होते असे दिसले. त्यानंतर मॉडेलांनी तळाच्या डोंगरांवर वेगळे मिश्रण घालायला सुरुवात केली.

आणि आता सीएफसीच्या साक्षीतला एक विचित्र भाग. डॅरिन वॉ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दक्षिण गोलार्धातील १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची आणि २००० च्या दशकाच्या शेवटाकडची सीएफसी-१२ ची मोजमापे शेजारी ठेवली. वरच्या-मधल्या थरांतील काही पाणी आधीपेक्षा तरुण झाले होते, आणि अंटार्क्टिकाभोवतीचे खोलवरून वर येणारे पाणी अधिक म्हातारे. कारण बहुधा तिथले पश्चिमी वारे जोरावले. ते जोरावण्याचे एक मोठे कारण अंटार्क्टिकावरचे ओझोनचे भगदाड. आणि भगदाड पाडले कोणी? सीएफसीने. म्हणजे ज्याने घर फोडले त्याच्याच पायांच्या ठशांवरून घरात काय काय हलले ते कळले. दक्षिण महासागर हा आपल्या कार्बनचा फार मोठा वाटेकरी आहे, त्यामुळे मॉडेलांत हा बदल उतरतो का, ही आजची खरी कसोटी आहे.

हे घड्याळ आता मंदावते आहे. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारामुळे सीएफसी हवेतून कमी होत आहेत; मधे २०१२ नंतर कोणीतरी चोरून सीएफसी-११ बनवत असल्याचे २०१८ मध्ये पकडले गेले, तेही मोजणी चालू होती म्हणून. प्रमाण चढून पुन्हा उतरले की एकाच आकड्याची दोन वर्षे निघतात, चढतानाचे एक आणि उतरतानाचे एक. नव्या पाण्यासाठी म्हणून आता सल्फर हेक्झाफ्लुओराइड वापरतात. विजेच्या मोठ्या स्विचगिअरमधून तो गळतो आणि अजून वाढतोच आहे. हरितगृह वायू म्हणून तो भयंकर आहे, तेव्हा हेही घड्याळ एक दिवस बंद पडो अशीच इच्छा धरली पाहिजे. मधल्या शतकांसाठी आर्गॉन-३९ पुढे येतो आहे; त्याचे अर्धे आयुष्य सुमारे २६९ वर्षे. पूर्वी त्याच्या एका नमुन्याला हजार लिटरहून जास्त पाणी लागे. आता अणू एकेक करून लेसरने पकडतात आणि पाच-दहा लिटर पुरते. १९५० आणि १९६० च्या दशकांतली मूठ मात्र पुन्हा पडणार नाही, आणि तेव्हाचे न घेतलेले पाणी आज जाऊन घेता येत नाही. समुद्रात दर दहा वर्षांनी त्याच रेषेवर जहाज नेणे हे कंटाळवाणे काम आहे, त्यात नाव होत नाही, पण मॉडेलांचे पुढचे पेपर त्यातूनच निघतात.

व्याख्यानानंतर विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे संपादकांच्या आग्रहावरून इथे देतो.

एका काकांनी विचारले, "पुढच्या आठवड्याचा पाऊस नीट सांगता येत नाही, मग शंभर वर्षांनंतरचे कसे सांगता?" पुढच्या आठवड्याच्या पावसाला आजची हवा तंतोतंत ठाऊक असावी लागते आणि तिच्यातली बारीक चूक दहा-पंधरा दिवसांत सगळे गिळून टाकते. शंभर वर्षांच्या अंदाजात कोणत्या दिवशी पाऊस ते विचारलेलेच नसते. किती उष्णता आली, किती गेली आणि किती समुद्रात उतरली एवढा जमाखर्च असतो. त्या जमाखर्चातली समुद्राची बाजू तपासायची म्हणून हा सगळा खटाटोप.

आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सगळ्यांत म्हातारे पाणी समुद्राच्या अगदी तळाशी असेल ना?" नाही. उत्तर पॅसिफिकमध्ये ते दोन-अडीच किलोमीटरवर आहे. तळाशी अंटार्क्टिकाहून सरकत आलेले पाणी असते, आणि ते वरच्यापेक्षा तरुण आहे. २०१९ मध्ये जेबी आणि हायबर्स या दोघांनी दाखवले, की काही शतकांपूर्वी पृथ्वीवर थोडा थंडीचा काळ होता (आपला शिवकाळही त्यातच येतो), त्या थंडीचा परिणाम पॅसिफिकच्या खोल पाण्यात आत्ता कुठे पोचतो आहे. पृष्ठभाग तापत असताना तिथले पाणी किंचित थंड होत असावे. त्यांनी आधार घेतला तो १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर जहाजाने दोरीला थर्मामीटर बांधून घेतलेल्या नोंदींचा.